संकीर्ण खर्चातल्या बाया

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासशिबिरातलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या संयोजक ताईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, मी एका जर्मन साहेबाबद्दल बोलणार आहे. मोटार कंपनीतल्या सेविवर्ग खात्याचा प्रमुख होता तो. ताई क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे बाया येतात त्या रेशनचं, पोटगीचं, ठेकेदाराने बुडवलेल्या पगाराचं गाऱ्हाणं घेऊन. त्यात हा साहेब कुठून आणलास?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देते.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा आमच्या वर्गाचे सरळ दोन तट होते. काहीजणी वस्तीत, दवाखान्यात, संस्थांमध्ये जाणार, आणि बरेचसे कारखान्यात जाणार. समाजकार्याची पदवी घेऊन कारखान्यात? हो. १९४८च्या कारखाना कायद्याप्रमाणे जिथे पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमावा लागायचा, आणि आमची पदवी त्यासाठी चालायची. त्या कल्याण अधिकाऱ्याचा पुढे सेविवर्ग व्यवस्थापक झाला, आणि आता त्याला एच.आर. म्हणतात. आम्ही वस्तीवाल्या त्यांना 'मालकाची माणसं' म्हणून चिडवायचो. ते आम्हाला 'झोळीवाल्या' म्हणायचे. पण त्या खुर्चीत काय काय ठरतं याचा अभ्यास मात्र आम्ही केला नाही. काम कशाला म्हणायचं, कामगार कुणाला म्हणायचं, जादा झालेला माणूस कोण, कुणाची तक्रार वरपर्यंत पोचू द्यायची, हे सगळं त्या खुर्चीत ठरतं. आपल्याकडे येणाऱ्या बायांचं निम्मं आयुष्य अशाच खुर्च्यांमधून ठरलेलं असतं. फक्त त्या खुर्चीतला माणूस आपल्याला दिसत नाही.

म्हणून मी त्या खुर्चीतलं एक मोठं नाव निवडलं, पेटर हार्ट्झ. हे नाव इतकं मोठं झालं की जर्मनीत सरकारी बेकारभत्त्यालाच लोक 'हार्ट्झ चार' म्हणू लागले. त्यावरून क्रियापदसुद्धा तयार झालं, आणि २००९ मध्ये ते तिथल्या तरुणांचा 'वर्षाचा शब्द' ठरलं. एका सेविवर्ग अधिकाऱ्याच्या नावाचं क्रियापद होतं, तेव्हा त्याची कारकीर्द ही त्याची एकट्याची गोष्ट राहत नाही.

कामगाराचा मुलगा

हार्ट्झ यांचा जन्म १९४१चा, झारलँड प्रांतातल्या सांक्ट इंगबेर्ट गावचा. हा कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख. वडील लोखंडाच्या कारखान्यात कामगार. मुलाने कारखान्यातल्या कारकुनी कामाची उमेदवारी केली, पुढे शिक्षण घेतलं, आणि पोलाद कंपन्यांच्या सेविवर्ग खात्यात वर चढत गेला.

इथे जर्मनीतली एक व्यवस्था समजून घ्यायला हवी, कारण ती आपल्याकडे नाही. १९५१च्या कायद्याने तिथल्या मोठ्या कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान बसतात. आणि संचालक मंडळावर एक 'श्रम-संचालक' असतो. कामगार प्रतिनिधींच्या मताविरुद्ध त्याची नेमणूक होऊच शकत नाही. म्हणजे सेविवर्ग खात्याचा प्रमुख असा हवा की ज्याच्यावर युनियनचाही विश्वास आहे. हार्ट्झ हे असे श्रम-संचालक होते. ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे आणि आय.जी. मेटाल या बलाढ्य युनियनचे सभासद होते. १९७०-८०च्या दशकांत झारलँडचं पोलाद संकटात सापडलं, तेव्हा माणसं कमी करायची पण रस्त्यावर फेकायची नाहीत, ही कसरत त्या खुर्चीला करावी लागली.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आपली सवय अशी की साहेब म्हटला की तो शोषक, आणि विषय संपला. हा माणूस तसा नव्हता. मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवणं हेच त्याचं कौशल्य होतं. पण ज्या टेबलावर ही तडजोड होत होती ते पोलादाच्या कारखान्यातलं टेबल होतं. तिथे कामगार म्हणजे पुरुष. त्याची बायको घरी, त्याच्या पगाराच्या आधाराने. दोन्ही बाजूंना बसलेल्यांना हे इतकं स्वाभाविक वाटत होतं की त्याबद्दल बोलायची गरजच नव्हती. माझ्या मते या साहेबाची पुढची सगळी कारकीर्द याच न बोललेल्या गृहीतकावर उभी आहे.

चार दिवसांचा आठवडा

१९९३ मध्ये ते फोक्सवॅगन कंपनीच्या संचालक मंडळावर सेविवर्ग प्रमुख म्हणून आले. कंपनी अडचणीत होती. सुमारे ३०,००० माणसं जादा आहेत असा हिशेब निघाला होता. हार्ट्झ आणि युनियन यांनी मिळून तोडगा काढला. कुणालाही काढायचं नाही, सगळ्यांनीच काम कमी करायचं. आठवड्याचे ३६ तास होते ते २८.८ केले. जानेवारी १९९४ पासून चार दिवसांचा आठवडा सुरू झाला. वर्षाची कमाई घटली, पण महिन्याचा पगार सावरला जाईल अशी जुळवणी केली. जगभर या कराराचं कौतुक झालं, आणि ते चुकीचं नव्हतं. हजारो घरांची चूल त्यामुळे पेटत राहिली.

आपल्या चळवळीच्या अंगाने मात्र इथे एक प्रश्न आहे. कामाचे तास सगळ्यांसाठीच कमी करा, म्हणजे बाई आणि पुरुष दोघांनाही नोकरी आणि घर दोन्ही करता येईल, ही स्त्रीवादी मागणी तिथे आणि इथेही जुनीच. या करारात तास तर कमी झाले. मग त्या मोकळ्या झालेल्या दिवशी पुरुष काय करणार, मुलांना कोण बघणार, हा या कराराचा विषय होता का? नव्हता. करार नोकऱ्या वाचवण्यासाठी होता. आणि तसंच झालं. गरज सरली, २००६च्या करारात तास पुन्हा ३३पर्यंत वाढले. स्त्रियांची मागणी म्हणून तास कमी झाले असते तर ते परत घेताना कुणाला तरी स्त्रियांना विचारावं लागलं असतं.

२००१ मध्ये त्यांनी आणखी एक योजना आणली. पाच हजार बेकारांना पाच हजार मार्क पगारावर कामाला घ्यायचं. हा पगार कंपनीच्या नेहमीच्या करारातल्या पगारापेक्षा कमी, पण आऊटसोर्सिंगपेक्षा बरा. याही करारावर युनियनची सही होती. आता हार्ट्झ म्हणजे 'बेकारीवर औषध असलेला माणूस' अशी त्यांची ख्याती झाली.

पंधरा जणांत एक

गेरहार्ड श्रोडर हे आधी लोअर सॅक्सनी प्रांताचे मुख्यमंत्री होते. फोक्सवॅगनमध्ये त्या प्रांताचा मोठा वाटा, त्यामुळे ते कंपनीच्या देखरेख मंडळावरही होते. १९९८ मध्ये ते देशाचे चान्सलर झाले. २००२च्या सुरुवातीला उघड झालं की सरकारी रोजगार कचेऱ्या 'इतक्या लोकांना काम लावून दिलं' असे फुगवलेले आकडे दाखवत होत्या. निवडणूक तोंडावर आली होती. चान्सलरनी आयोग नेमला आणि आपल्या ओळखीच्या सेविवर्ग प्रमुखाला अध्यक्ष केलं.

या आयोगात १५ सभासद होते. त्यात उद्योगपती होते, सल्लागार कंपन्यांची माणसं होती, प्राध्यापक होते, युनियनवाले होते. आणि स्त्री एक. एकच! ती सेवाक्षेत्रातल्या युनियनची प्रतिनिधी होती. सगळ्या देशाची, त्यातल्या अर्ध्या बायांची, रोजीरोटी ज्या अहवालाने बदलणार होती, तो लिहिणाऱ्या पंधरा जणांत एक.

ऑगस्ट २००२ मध्ये अहवाल आला. बेकारी तीन वर्षांत २० लाखांनी कमी करू, असं त्यात आश्वासन होतं. त्यावरून चार कायदे झाले. पहिले दोन २००३ पासून, तिसरा २००४ पासून आणि चौथा, तो प्रसिद्ध 'हार्ट्झ चार', १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. कायद्यांचा अंतिम मसुदा सरकारने आणि संसदेने केला, विरोधी पक्षांनीही त्यात भर घातली, तेव्हा सगळी जबाबदारी एका माणसावर टाकणं बरोबर नाही. पण नाव त्यांचंच राहिलं.

या कायद्यांत 'स्त्री' असा शब्द घालून कुठेही अन्याय केलेला नाही. कायदा सगळ्यांना सारखा. म्हणूनच त्यातली गोम नीट बघावी लागते. मी दोनच कलमं घेते.

पहिलं कलम जोडीदाराच्या कमाईचं. समजा, एक बाई बारा वर्षं दुकानात विक्रेती होती. दुकान बंद पडलं. पहिलं वर्षभर तिला तिच्या स्वतःच्या विम्याच्या हप्त्यांतून भत्ता मिळेल. ते वर्ष संपलं की ती 'हार्ट्झ चार'मध्ये येते. २००५ मध्ये ही रक्कम एकट्या माणसासाठी पश्चिम भागात महिना ३४५ युरो होती, शिवाय घरभाडं. पण ती एकटी मोजली जात नाही. कायदा म्हणतो, एका छपराखाली जोडीने राहणारे हे मिळून एक 'गरजांचं कुटुंब'. लग्न झालेलं असो वा नसो. त्यातल्या पुरुषाची कमाई पुरेशी असेल तर हिला मिळणार शून्य. पूर्वीच्या योजनेतही जोडीदाराची कमाई पाहत होते, पण सूट जास्त होती. नव्या कायद्याने चाळणी बारीक केली. आता, तिथेही पुरुषांची कमाई बायकांपेक्षा जास्त. मग चाळणीतून कोण खाली पडणार? बारा वर्षं काम केलेली बाई कागदावर बेकारसुद्धा राहिली नाही. ती पुन्हा कुणाची तरी बायको झाली. भाजीला पैसे हवेत तर त्याच्यापुढे हात पसरायचा. आणि त्याचा हात उठत असेल तर? घर सोडायचं तर कशाच्या बळावर? तुम्ही रोज केसेस हाताळता, तुम्हाला हे मी काय सांगू.

दुसरं कलम 'मिनी-जॉब'चं. एप्रिल २००३ पासून महिना ४०० युरोपर्यंतच्या कामावर कामगाराने कर द्यायचा नाही, विम्याचा हप्ता द्यायचा नाही, मालकाने एक ठोक रक्कम भरायची. आधी यात आठवड्याला १५ तासांची मर्यादा होती, तीही काढून टाकली. वरवर पाहता बाईच्या हातात सगळे पैसे पडतात. पण याला तिथल्या दुसऱ्या दोन व्यवस्था जोडून बघा. न कमावणाऱ्या किंवा अगदी थोडं कमावणाऱ्या बायकोला नवऱ्याच्या आरोग्यविम्यातून फुकट संरक्षण मिळतं. आणि नवरा-बायकोचा कर एकत्र मोजला जातो, त्यामुळे तिची कमाई जितकी कमी तितका कुटुंबाला फायदा दिसतो. ४०० युरोच्या रेषेपलीकडे पाय टाकला की हप्ते सुरू, कर सुरू. कायद्याने त्या रेषेपुढे थोडी उतरंड ठेवली होती, तरी हिशेब तोच निघायचा: "राहू दे, तेवढंच कर." साफसफाई, हॉटेल, दुकान, म्हाताऱ्यांची देखभाल. वर्षानुवर्षं तेवढंच. आणि म्हातारपणी पेन्शन किती? तेवढंच!

जे केवळ मिनी-जॉबवर जगतात त्यांच्यात स्त्रिया बहुसंख्य राहिल्या. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा जर्मन सरकारने घरी बसलेल्या कामगारांच्या पगाराचा मोठा भाग भरला, त्याची जगभर वाहवा झाली. मिनी-जॉबवाल्या बायांना ते मिळालं नाही, कारण त्यांचा बेकारीचा विमाच नव्हता. हॉटेलं बंद झाली आणि त्या नुसत्याच घरी गेल्या.

या कमाईला जर्मन भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो 'वरकमाई'. मुख्य कमाई नवऱ्याची, हिची वरची. आपल्याकडेही हा शब्द वेगळ्या वेषात आहे. अंगणवाडी सेविकेला मिळतं ते वेतन नव्हे, 'मानधन'. आशाताईंना मिळतो तो 'मोबदला'. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तो मिळवायला किती वर्षं गेली! देश वेगळे, कायदे वेगळे. पण बाईच्या कामाला दुसरं नाव दिलं की त्याचा दाम कमी करता येतो, ही युक्ती मात्र एकच.

खर्चाचं खातं

आता २००५ सालात या. जानेवारीत 'हार्ट्झ चार' लागू झाला. त्याच महिन्यात तिथे बेकारांची नोंदलेली संख्या ५० लाखांवर गेली. आणि उन्हाळ्यात फोक्सवॅगनमधलं प्रकरण बाहेर आलं.

या प्रकरणाचा एक धागा आपल्या देशातही आहे. फोक्सवॅगनचा कारखाना विशाखापट्टणमला येणार म्हणून आंध्र प्रदेश सरकारने एका कंपनीला सुमारे ११ कोटी रुपये दिले होते. ती कंपनी निघाली कागदी. फोक्सवॅगनच्या समूहातल्या सेविवर्ग विभागाच्या एका बड्या अधिकाऱ्याचा तिच्याशी संबंध होता. आपल्याकडे सी.बी.आय. चौकशी झाली. कारखाना आंध्रात गेला नाही. पुढे तो आपल्या पुण्याजवळ चाकणला झाला, २००९ मध्ये.

त्या अधिकाऱ्यावरून सूत उलगडत गेलं आणि फार वेगळ्या गोष्टी वर आल्या. जर्मन कारखान्यांत कामगारांनी निवडून दिलेलं एक कामगार मंडळ असतं. फोक्सवॅगनमध्ये ते फार ताकदवान. त्या मंडळाच्या पुढाऱ्यांच्या परदेश दौऱ्यांत कंपनीच्या पैशाने वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया पुरवल्या जात होत्या. ही व्यवस्था हार्ट्झ यांच्या खात्यातला एक व्यवस्थापक बघत होता. बिलं नसायची, तो स्वतःच चिठ्ठी लिहून पैसे उचलायचा. मंडळाचे अध्यक्ष क्लाउस फोल्कर्ट यांना पगाराशिवाय जवळपास २० लाख युरोंचे खास बोनस दिले गेले होते. त्यांच्या ब्राझीलमधल्या मैत्रिणीलाही कंपनीच्या तिजोरीतून लाखो युरो गेले, काम काही नसताना.

आणि हे पैसे हिशेबाच्या वहीत कुठे टाकले जात होते? 'संचालक मंडळ: संकीर्ण' या खात्यात.

मैत्रिणींनो, हा शब्द वाचला तेव्हा मी थांबले. संकीर्ण. म्हणजे चहापाणी, फुलांचे गुच्छ, टॅक्सीभाडं, आणि बाया.

हार्ट्झ यांनी जुलै २००५ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी २००७ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला. ४४ आरोप होते, कंपनीच्या पैशांबाबत विश्वासघाताचे आणि मंडळाच्या अध्यक्षाला बेकायदा फायदा करून दिल्याचे. सरकारी पक्षाशी समझोता झालेला असल्यामुळे खटला दोन दिवसांत आटोपला. दोन वर्षांची शिक्षा झाली, ती स्थगित, आणि ५,७६,००० युरो दंड. २००८ मध्ये फोल्कर्ट यांना मात्र दोन वर्षं नऊ महिन्यांची कैद झाली.

निकाल योग्यच होता. पण बघा, नुकसान झालं कुणाचं? कायद्याच्या दृष्टीने कंपनीचं. फसवलं कुणाला? भागधारकांना, आणि फार तर कामगारांना, कारण त्यांचा पुढारी विकला गेला. त्या बाया या खटल्यात फिर्यादी नव्हत्या, आरोपी नव्हत्या, पीडितही नव्हत्या. मालक आणि कामगार यांच्यातला सलोखा टिकवायला त्यांचा वापर झाला. 'औद्योगिक शांतता' हा शब्द आम्ही पुस्तकात शिकलो होतो, त्या शांततेचा हाही एक खर्च होता. कुणी म्हणेल, वेश्याव्यवसाय तिथे कायदेशीर आहे, मग तक्रार कशाची? माझा रोख त्या बायांकडे नाही, त्यांनी त्यांचं पोट भरलं. माझा रोख त्या टेबलाकडे आहे. दोन्ही बाजूंचे पुरुष एकमेकांचे मिंधे व्हावेत म्हणून बाई ही वस्तू वापरता येते, ही समज तिथे मालकाची होती तशीच कामगार पुढाऱ्याचीही होती. यावर आपण, कामगार चळवळीशी नातं सांगणाऱ्या बायांनी, गप्प बसू नये.

आता या एका कारकिर्दीत स्त्रिया कुठे कुठे दिसल्या ते मोजू. पोलादाच्या कारखान्यात कामगाराची बायको म्हणून. आयोगात पंधरांत एक म्हणून. कायद्यात वरकमाई करणारी आणि जोडीदाराच्या कमाईत बुडालेली म्हणून. आणि कंपनीच्या वहीत संकीर्ण खर्च म्हणून. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हक्काची कामगार म्हणून फार थोड्या जागी. हे एका वाईट माणसाने घडवलेलं नाही. हे एका कर्तबगार आणि सलोख्याच्या माणसाच्या हातून घडलं. जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ती आहे.

तीच खुर्ची, दुसरा माणूस

त्या खुर्चीतून दुसरंही काही होऊ शकतं. २०१० मध्ये डॉयचे टेलिकॉमचे सेविवर्ग प्रमुख टोमास झाटेलबर्गर यांनी जाहीर केलं की २०१५च्या अखेरपर्यंत वरच्या आणि मधल्या व्यवस्थापनात ३० टक्के स्त्रिया असतील. तिथल्या शेअर बाजारातल्या आघाडीच्या तीस कंपन्यांत असं करणारी ती पहिलीच. 'पात्र बायका मिळत नाहीत' हे उत्तर देणारे सेविवर्ग अधिकारी तेव्हा ढिगाने होते. या बाईमाणसांना शोधणं हेच आपलं काम आहे, असं म्हणणारा एक निघाला.

पण एका साहेबाच्या सद्बुद्धीवर किती दिवस भरवसा ठेवायचा? स्त्रियांच्या संघटना कायदा मागत राहिल्या. २०१५ मध्ये कायदा झाला. मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात ३० टक्के स्त्रिया २०१६ पासून सक्तीच्या झाल्या. २०२१च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांनाही किमान एक स्त्री घेणं भाग पडलं. खुद्द फोक्सवॅगनच्या संचालक मंडळावर पहिली स्त्री आली २०१६ मध्ये. आणि ज्या कामगार मंडळाचं हे सगळं प्रकरण, त्याच्या अध्यक्षपदी २०२१ मध्ये दानिएला काव्हालो आल्या. इटलीहून कामासाठी आलेल्या कुटुंबातली मुलगी. त्या पदावरची पहिली स्त्री.

आनंद आहेच. पण वरच्या खुर्च्या मिळाल्या म्हणून खालची चाळणी आपोआप बदलत नाही. २०२३ मध्ये 'हार्ट्झ चार' हे नाव गेलं आणि 'नागरिक-भत्ता' आला, तरी जोडीदाराची कमाई मोजण्याची रीत राहिली. मिनी-जॉबची रेषा ४०० वरून २०२५ मध्ये ५५६ युरोवर गेली, पण रेषा राहिली. एवढंही मान्य करायला हवं की २००५ नंतर तिथली बेकारी खूप उतरली, त्याचं श्रेय या कायद्यांना किती यावर अर्थतज्ज्ञ भांडतात. आपला प्रश्न निराळा आहे. जे काम मिळालं ते कसं, आणि ते कुणाच्या वाट्याला आलं?

आपलं काय

शेवटी माझा एक अनुभव सांगते आणि थांबते.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात सफाईचं काम करणारी एक बाई आमच्याकडे आली. मुकादम त्रास देत होता, कसला ते तुम्हाला कळलंच. मी तिला घेऊन त्या कारखान्याच्या एच.आर.कडे गेले. समोर बसला होता माझाच वर्गमित्र. चहा मागवला, जुन्या गप्पा झाल्या. मग तो म्हणाला, "हे बघ, ही आमच्या मस्टरवर नाही. कंत्राटदाराची आहे. मी काय करू?" मी म्हटलं, २०१३च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेली बाईसुद्धा येते, तुमच्या अंतर्गत समितीला तक्रार घ्यावीच लागेल. तो कायदा त्यालाही माहीत होता. समितीची बैठक व्हायला सात आठवडे लागले. तोवर कंत्राटदाराने बाईला दुसऱ्या साइटवर पाठवलं, घरापासून दीड तास लांब. चौकशी झाली, मुकादमाला समज दिली. बाईने काम सोडलं.

मी चिडून त्याला विचारलं, निदान एवढं तरी सांग, नऊ वर्षं ही इथे झाडते, तर हिचा पगार तुमच्या वहीत कुठे लागतो? तो सरळ माणूस आहे, खोटं बोलला नाही. म्हणाला, "पगारात नाही लागत. 'इतर सेवा' मध्ये लागतो."

मला ब्राउनश्वाइगचा खटला आठवला तो तेव्हा. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, मला माहीत आहे. पण वही सारखी आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. यापुढे कुठल्याही कारखान्यात, रुग्णालयात, शाळेत, नगरपालिकेत बाईची तक्रार घेऊन जाल तेव्हा तीन गोष्टी आधी विचारा आणि लिहून घ्या. ही बाई कुठल्या मस्टरवर आहे? हिचा पैसा कुठल्या खात्यातून येतो? आणि हिच्याबद्दल जिथे ठरतं त्या टेबलावर हिच्यासारखी कोण बसते? केवळ 'एक महिला सदस्य' असं उत्तर घेऊ नका, हिच्यासारखी कोण, ते विचारा. आपल्या मित्र-युनियनलाही हेच तीन प्रश्न विचारा, तिथे जरा जास्तच जोराने. उत्तरं पुढच्या बैठकीत घेऊन या. जिल्ह्याची एक वही आपण आपली तयार करू. त्या वहीत 'इतर' आणि 'संकीर्ण' हे रकाने नसतील, प्रत्येक बाई तिच्या नावाने असेल.

एवढं बोलून थांबते. आता तुम्ही बोला.